मठाचे दार कोणासाठी?

आमच्या कळमन्यात ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे लहान मुलांची इंग्रजी शाळा. साऱ्या नागपुरात हाच अर्थ रूढ आहे. व्रतस्थ स्त्रियांचा मठ हा मूळ अर्थ मला जुन्या गोव्यात, सांता मोनिकाच्या भिंतींपाशी उमगला. तेव्हापासून जुन्या मठांचे पुढे काय होते, हा माझ्या टिपणांचा विषय आहे.

पुष्कळ ठिकाणी त्यांची हॉटेले झाली. पोर्तो रिकोतील सान हुआन येथे १६५१ साली स्थापन झालेला कार्मेलाइट नन्सचा मठ १९६२ मध्ये हॉटेल म्हणून उघडला. समर्थक म्हणतात, वापर असेल तरच वास्तू टिकते. हे मला मान्य करावे लागते, कारण पुरावा सांता मोनिकाजवळच उभा आहे. पोर्तुगीज राजवटीने १८३५ मध्ये गोव्यातील पुरुषांचे धर्मसंघ बंद केले. सेंट ऑगस्टीनचा मठ ओस पडला आणि सातच वर्षांत, १८४२ मध्ये, त्याच्या चर्चचे छत कोसळले. सांता मोनिकातील नन्सना मात्र हयातभर राहू दिले; शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पुढे तिथे सैनिक राहिले, १९६४ मध्ये नन्ससाठी मातेर देई संस्था आली, नंतर ख्रिस्ती कलेचे संग्रहालय. वास्तू आजही उभी आहे.

मग हॉटेलला हरकत कशाची? गोव्यातलाच तेरेखोलचा किल्ला पाहा. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांनी तो १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. गोवामुक्तीनंतर तिथे हॉटेल झाले, देखणे झाले. पण त्याच्या सात खोल्यांना नावे कोणती दिली? आठवड्याच्या वारांची! इतका इतिहास पायाशी असताना नेमकी अशी नावे, ज्यांना कुठलीच आठवण चिकटलेली नाही. माझा आक्षेप इथे आहे.

मठाचे हॉटेल होताना हा धोका वाढतो. सांता मोनिकात भक्ती होती, तशी काळ्या आणि पांढऱ्या शिरोवस्त्रांची उतरंडही होती. कोठडीची आलिशान खोली झाली की तिथली शांतता भाड्याने देता येते. ती कोणी, श्रद्धेने की सक्तीने पाळली, हे सांगितले तर पाहुण्याची झोप उडेल. म्हणून ते गाळणेच सोयीचे ठरते.

अशा रूपांतराला मी दोनच प्रश्न विचारतो. गावचा माणूस खोली न घेता आत जाऊ शकतो का? आत गेल्यावर तिथे कोण राहत होते, हे त्याला कळते का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर हॉटेलही चालेल.

सांता मोनिकात मी संग्रहालयाचे तिकीट काढून गेलो होतो. तिथे महागडे हॉटेल असते तर एका रात्रीचे भाडे मला परवडले नसते, आणि ‘कॉन्व्हेंट’चा अर्थ माझ्यासाठी नर्सरीपाशीच थांबला असता.