हरसूलचे 1857 : लिखित साधने, मौखिक साक्ष आणि विद्यार्थी-संशोधन

प्रस्तावना :
पदवी व पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांसाठी आदिवासी भागातील विद्यार्थी बहुधा आपल्याच परिसराचा विषय निवडतात. ही बाब स्वागतार्ह आहे. मात्र साधनांची निवड आणि त्यांची चिकित्सा या दोन्ही अंगांनी हे प्रकल्प दुबळे राहतात. प्रस्तुत लेखात हरसूलच्या एका घटनेच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे.

गॅझेटिअरची मर्यादा :
डिसेंबर 1857 मध्ये त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला, त्याच सुमारास हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पुढे पेठच्या भगवंतरावांना फाशी देण्यात आली. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमधील हा वृत्तांत विद्यार्थी जसाच्या तसा उतरवून घेतात. परिणामी ज्यांच्या पूर्वजांविषयी हे लिहिले गेले, त्यांची नातवंडे-पतवंडेच त्यांना ‘लुटारू’ ठरवतात. गॅझेटिअर हे घटनेनंतर पाव शतकाने, प्रशासनाच्या सोयीसाठी सिद्ध झालेले संकलन आहे, याचे भान सुटते. आदिवासी कोणाच्या तरी चिथावणीने उठले, असे त्यात गृहीत आहे. त्यांची स्वतःची काही गाऱ्हाणी होती काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. रणजित गुहा यांनी 1983 मध्ये बंडविरोधी सरकारी लेखनाची जी चिकित्सा केली, ती येथे तंतोतंत लागू पडते. शिवाय त्र्यंबकच्या वृत्तांताचा आधार पकडलेल्या ठाकर कैद्यांच्या जबान्या हाच आहे. म्हणजे आपण ज्याला लिखित पुरावा म्हणतो, त्याच्या तळाशी बंदिवासातील बोललेला शब्दच आहे.

साधने कोठे शोधावीत?
1857 मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा नव्हता. तो 1869 मध्ये झाला. हरसूल त्या वेळी पेठ संस्थानात होते आणि ते संस्थान 1878 मध्ये खालसा झाले. त्र्यंबकेश्वर तालुका तर 1999 चा. त्यामुळे आजच्या नावांनी मुंबईच्या पुराभिलेखागारात शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अहमदनगर जिल्हा व पेठ संस्थान या शीर्षकांखाली, ‘पेंट’, ‘हरसोल’ अशी तत्कालीन इंग्रजी रूपे ध्यानात घेऊन कागद पाहावे लागतात. मोडी वाचनाची तयारीही हवी. नंतरच्या काळासाठी शाळांची जनरल रजिस्टरे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14 ही हाताशी असलेली साधने आहेत.

मौखिक साधनांची चिकित्सा :
मौखिक परंपरा व मौखिक इतिहास यांत भेद केला पाहिजे. 1857 चा साक्षीदार आज नाही. उरली असेल ती परंपरा. 1972 चा दुष्काळ अनुभवलेली माणसे मात्र आपल्यात आहेत. डेव्हिड हार्डिमन (1987) यांनी देवी चळवळीसाठी आणि अजय स्कारिया (1999) यांनी डांगसाठी मौखिक कथनांना सरकारी कागदांच्या शेजारी बसवले. एकाला दुसऱ्याचे शेपूट केले नाही. आपल्याकडे मात्र विद्यार्थी ‘1857 चा उठाव आठवतो का?’ असे विचारतो आणि वृद्ध नकार देतो. ज्या घरात काळ सन-इसवीने मोजला जात नाही, तेथे प्रश्नच चुकलेला असतो. त्याहून मोठा धोका म्हणजे शिक्षकाने भाषणात सांगितलेला गॅझेटिअरमधील मजकूर गावकरी परत सांगतात आणि तो ‘मौखिक पुरावा’ म्हणून नोंदला जातो. त्यामुळे ‘हे आपण कोणाकडून ऐकले?’ हा प्रश्न अनिवार्य ठरतो. कोकणा वा वारली बोलीतील कथन प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिणे हेही साधनाचे नुकसानच होय.

निष्कर्ष :
1. गॅझेटिअर हा शोधाचा आरंभ मानावा, शेवट नव्हे.
2. प्रत्येक मुलाखतीत निवेदकाची संमती, वय, गाव व ऐकल्याचा स्रोत नोंदवावा. मूळ बोलीतील ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करावे.
3. प्रकल्पाचे गुण पृष्ठसंख्येवर न देता साधनचिकित्सेवर द्यावेत.
शेवटची सूचना आपणा अध्यापकांनाच उद्देशून आहे. उताऱ्याला आपण गुण देतो, तोवर विद्यार्थी उताराच लिहिणार.