लंगडी कोंबडी आणि रंगीत खाद्य

भोर तालुक्यात भोंगवलीकडे काय किंवा अन्यत्र काय, कुक्कुटपालकाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत आजारी पक्ष्याच्या खुणा ठरलेल्या असतात: पिसे फुगवून बसतो, खाद्य कमी खातो, वजन वाढत नाही. मांसल कोंबडीच्या बाबतीत या खुणा आम्हांला अपुऱ्या वाटतात. सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली ही जात पाय दुखत असतानाही खात राहू शकते. शिवाय माणूस शेडमध्ये शिरला की लंगडा पक्षीही भीतीने उठून चार पावले सरकतो.

मग दुखते हे कळायचे कसे? डॅनबरी व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या, ब्रिस्टल विद्यापीठातील प्रयोगाचा दाखला येथे हटकून दिला जातो. लंगड्या व धडधाकट पक्ष्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक होते. लंगडेपणा जितका अधिक, तितका औषधी खाद्याचा वाटा वाढत गेला. प्रयोग सुरेख आहे. पण त्यावरून ‘कोंबडी स्वतःवर उपचार करते’ असे वर्गात सांगणे आम्हांला पटत नाही. अमुक रंगाचे खाल्ले की बरे वाटते, एवढे ती शिकली असावी. मात्र तेवढे शिकायलाही आधी काहीतरी सलत असावे लागते. प्रयोगाचे मोल आहे ते यात.

१९९९ मधला दुसरा प्रयोग फारसा सांगितला जात नाही. आम्हांला तो अधिक बोलका वाटतो. अडथळ्यांची वाट पार करायला लंगड्या पक्ष्यांना सरासरी ३४ सेकंद लागले, कार्प्रोफेन दिल्यावर १८. धडधाकट पक्ष्यांना सुमारे ११ पुरले. उरलेल्या सात सेकंदांचे काय? औषध कमी पडले असेल, किंवा हाडच वाकडे असेल. आणि वाकडे हाड औषधाने सरळ होत नाही.

तेव्हा सगळ्यांच्याच खाद्यात वेदनाशामक मिसळा, हा निष्कर्ष चुकीचा. औषधाचा अंश मांसात उरण्याचा धोका असतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची काय गत केली, हेही आपण पाहिले आहे. जनावरांसाठी त्याच्यावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. खरा उपाय शेडमध्येच आहे: सुरुवातीच्या आठवड्यांत वाढ आवरणे, रात्री काही तास अंधार, तुसाची गादी कोरडी ठेवणे, लंगडा पक्षी रोजच्या रोज वेगळा काढणे. अडते ते हिशेबात. करारावर पक्षी वाढवणाऱ्याला मोबदला किलोवर मिळतो. वाढ आवरली तर त्याच्याच खिशाला चाट. याविषयी माहितीपत्रके बहुधा गप्प असतात.

शिक्षकांनी मुलांना शेडच्या आत नेऊ नये. पायांबरोबर रोग आत जातो. मालकाला विचारून जाळीबाहेर दहा मिनिटे शांत उभे राहावे. पाण्याच्या भांड्यापर्यंत कोण चालत जाते, कोण मध्येच बसते, कोण पंखांचा आधार घेते ते पाहावे. एकूण किती पक्षी पाहिले तेही लिहावे, नाहीतर ‘पाच लंगडे’ या आकड्याला अर्थ नाही. नोंदवहीत मर आणि खाद्य यांचे रकाने बहुतेक ठिकाणी असतात. लंगड्या पक्ष्यांचा रकाना मुलांनाच आखावा लागेल.