मधला आठ

मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात एक चिंचोळा इजिप्शियन पपायरस आहे, इसवी सनापूर्वी 1850च्या सुमाराचा. त्यातलं चौदावं उदाहरण मी गणित म्हणून कमी आणि लेखन म्हणून जास्त वाचतो.

टोक छाटलेला पिरॅमिड. उंची 6, तळाची बाजू 4, माथ्याची 2. घनफळ काढायचं आहे. लेखनिक सूत्र सांगत नाही, शिष्याला एकामागून एक हुकूम सोडतो. आधी 4चा वर्ग करायला लावतो, 16. मग 4ची दुप्पट, 8. मग 2चा वर्ग, 4. बेरीज 28. तिला उंचीच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे 2ने गुणायचं. झाले 56.

16 हा तळ, 4 हा माथा. दोन्ही डोळ्यांना दिसतात. 8 मात्र आकृतीत कुठेच नाही, आणि सगळा जीव त्याच्यातच आहे. तळ-माथ्याच्या क्षेत्रफळांची सरासरी उंचीने गुणली तर 60 येतात. मध्यावरची बाजू 3 धरली तर 54. खरं उत्तर या दोहोंच्या मधे, पण 54कडे झुकलेलं. तो नेमका झोक 8 साधतो. कसा, याबद्दल चकार शब्द नाही!

तक्रार एकच: आकडे जरा जास्तच सोयीचे. माथ्याची बाजू 2, उंचीचा तिसरा भागही 2. दुप्पट करायची ती माथा 2 आहे म्हणून, हे आपणच ओळखायचं.

ब्रह्मगुप्ताने इ. स. 628मध्ये खड्ड्यांच्या घनफळासाठी वेगळी वाट काढली. तो 54 आणि 60 दोन्ही काढायला लावतो आणि फरकाचा तिसरा भाग 54मध्ये मिळवतो. पुन्हा 56. मला ही रीत अधिक देखणी वाटते. दोन चुकीची उत्तरं इथे कामाला लागतात.

ओबेलिस्क म्हणजे हाच छाटलेला पिरॅमिड, उंच ओढलेला, वर छोटं टोक बसवलेला. इजिप्तमधल्या अस्वानच्या खाणीतला अपुरा ओबेलिस्क सुमारे 42 मीटरचा आहे. टोकाचा भाग वगळला तर उरतात 37 मीटर. बाजू तळाशी 4.2, वर 2.5. लेखनिकाच्या रीतीने घनफळ येतं सुमारे 424 घनमीटर, नुसत्या सरासरीने 442. ग्रॅनाइट घनमीटरला साधारण 2.7 टन भरतो, म्हणजे जवळजवळ 50 टन नसलेला दगड ओढायला माणसं नेमावी लागली असती. अर्थात तो दगड खाणीतच तडकला, त्यामुळे ओढायची वेळच आली नाही.