‘निसर्गक्रमाविरुद्ध’ : एका परिभाषेची मीमांसा

गोमंतकात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन १८१२ मध्ये कायमचे उठले. पाखंडाबरोबरच समलिंगी संबंधांचाही निवाडा पोर्तुगीज धर्मन्यायासने करीत, हे मराठी इतिहासलेखनात क्वचितच चर्चिले जाते. इंग्लंडमध्ये १५३३ च्या कायद्याने हाच अपराध धर्मपीठांकडून राजसत्तेकडे आला व १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ म्हणून ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ या शब्दांनिशी अवतरला. हा ‘निसर्ग’ निरीक्षणातला नव्हे, ख्रिस्ती धर्मशास्त्रातला होय. तथापि दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयास आव्हान देताना हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती पक्षकार एका बाजूस उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. धर्मन्यायासनाचा निषेध करणाऱ्या समाजाने त्याच धर्मशास्त्राची परिभाषा स्वतःची परंपरा म्हणून जपावी, ही विसंगती उपेक्षणीय नव्हे.