‘नातीगोती’ किनवटमधून वाचताना

दिलीप प्रभावळकरांनी एकाच दुखण्याच्या दोन्ही बाजू उभ्या केल्या. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील होते. संजय सूरकरांच्या ‘चौकट राजा’ (१९९१) चित्रपटात ते स्वतःच तसा मुलगा, नंदू झाले. लोकांच्या लक्षात नंदू जास्त राहिला. मला मात्र दळवींचा बाप अधिक मोलाचा वाटतो.

नंदूच्या निरागसपणावर प्रेम करणं सोपं जातं. ‘नातीगोती’ ही सोय ठेवत नाही. बच्चू वाढतो, आईवडील थकतात आणि त्यांच्या संसाराची ओढाताण होते. ‘यलो’मधली (२०१४) मुलगी पोहण्यात नाव काढते, ती गोष्ट सत्यकथेवरची आहे आणि उमेद देते. पण ज्यांच्या मुलाला कधीच पदक मिळणार नाही, त्यांच्या घरात दळवीच शिरतात.

बच्चू स्वमग्न नाही. तरी स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना हे घर ओळखीचं वाटेल. १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. तो १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६च्या कायद्यात आला. त्यामुळे आज चाळिशीत असलेली आमच्याकडची अशी मुलं लहानपणी ‘येडी’, फार तर ‘मतिमंद’ ठरली.

किनवटमधले सत्तरी ओलांडलेले एक काका अशाच मुलाची दाढी स्वतः करतात. न्हाव्याच्या मशीनचा आवाज त्याला सोसत नाही. आता काकांचा हात थरथरतो. ‘आमच्यामागं याचं कसं?’ असं ते विचारतात, तेव्हा मला नाटकाची मर्यादाही दिसते. दळवींचं दुःख शहरी, नोकरदार नवराबायकोचं आहे. इथे शेत आहे, भावकी आहे. ‘भाऊ बघतील’ म्हणताना मुलाच्या वाट्याच्या जमिनीचंही ठरत असतं. अठरा वर्षांवरच्या अशा मुलांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९च्या कायद्यात आहे. पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे आमच्यासाठी नांदेडला. म्हाताऱ्या माणसांचा जाऊन-येऊन दिवस मोडतो.

‘नातीगोती’ आईबापाचा थकवा नेमका ओळखतं. त्यांच्यामागे ज्या भावजयीच्या हाती तो वस्तरा येणार, तिला कुणी विचारलेलंही नसतं. तिचं नाटक मला अजून वाचायला मिळालेलं नाही.