खेळ बदलला, हिशेब तोच

पोकर शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत एक सल्ला हमखास भेटतो. डोकं शिणलं, खेळाचा कंटाळा आला, हरलेले पैसे आत्ताच्या आत्ता परत मिळवायची खुमखुमी आली, की खेळ बदला. होल्डेम खेळत असाल तर ओमाहा खेळून बघा, कॅश टेबलावर असाल तर टुर्नामेंटला बसा. परभणीत खोली करून राहणाऱ्या, दिवसा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि रात्री फोन हातात असणाऱ्या पोरालाही हा सल्ला सहज मिळतो. तो कुणी, कुणासाठी दिलाय आणि त्यात काय सांगायचं राहिलंय, हे एखादी कथा वाचावी तसं वाचून बघायला हवं.

आधी त्यातलं खरं. होल्डेममध्ये हातात दोन पानं येतात. ओमाहात चार येतात आणि त्यातली नेमकी दोनच वापरावी लागतात. त्यामुळे विचाराची पद्धत बदलते, सवयीने खेळणारं मन जागं होतं. साध्या टुर्नामेंटची फी ठरलेली असते, ती गेली की त्या दिवसाचा खेळ संपला. कॅश टेबलावर मात्र पैसे संपले की पुन्हा पैसे टाकून बसता येतं. म्हणजे कॅशकडून टुर्नामेंटकडे जाणारा निदान तोट्याला कुंपण घालतो. पण होल्डेममध्ये हरून ओमाहाकडे वळणाऱ्याचं काय? चार पानांमुळे जवळजवळ प्रत्येक डाव खेळण्याजोगा वाटतो आणि चढउतारही मोठे होतात. खेळ दोघांनीही बदलला. एकाने तोटा थांबवला, दुसरा तोट्याच्या मागे धावत सुटला. ‘खेळ बदला’ या दोन शब्दांत हा फरक मावत नाही.

हरल्यावर सुटलेल्या तोलाला पोकरमध्ये ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. चेंडू हवा तिकडे जावा म्हणून खेळणाऱ्याने यंत्र जोरात हलवलं, तर ते टिल्ट दाखवतं आणि बंद पडतं. पोकरने शब्द घेतला, बंद पडणं मात्र घेतलं नाही. ॲपच्या मालकाला प्रत्येक डावातून कमिशन मिळतं, मग खेळ कुठलाही असो. एका वॉलेटमधून रमी, पोकर, तीन पत्ती असं सगळं खेळता येत असेल, तर खेळ बदलणं म्हणजे त्याच दुकानातलं दुसरं कपाट उघडणं.

या वाङ्मयातलं चांगलं पुस्तक म्हणजे मारिया कोनिकोवा यांचं ‘द बिगेस्ट ब्लफ’ (2020). त्या मानसशास्त्रज्ञ. पोकर शिकायला त्यांना एरिक सायडेल यांच्यासारखा नामवंत खेळाडू गुरू म्हणून मिळाला. सुरुवात लहान रकमांपासून झाली. 2018 मध्ये त्यांनी बहामात 84,600 डॉलरची स्पर्धा जिंकली. पुस्तक प्रामाणिक आहे, रागावर आणि अहंकारावर त्यात मोकळेपणाने लिहिलंय. पण या प्रकाराची मर्यादाही इथेच दिसते. जिंकलेला माणूस पुस्तक लिहितो. हरलेला घरच्यांना काय सांगायचं याचा विचार करत बसतो. शिस्तीचा सल्ला ज्याच्याकडे वेळ, गुरू आणि दुसरं उत्पन्न आहे त्याला लागू पडतो. उसन्या पैशांवर खेळणाऱ्याला तोच सल्ला आणखी एक डाव खेळायचं निमित्त देतो.

हरलेल्याचा आवाज ऐकायचा तर फार मागे जावं लागतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. त्याची बायको दुरावली आहे, सासू त्याचा तिरस्कार करते. आता जायचं नाही असं तो ठरवतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच निघतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि रिकाम्या देवळात मूर्ती बनून उभा राहतो. शोधणारे तिथेच डाव मांडतात. तेवढ्या आवाजाने मूर्ती हलते आणि संवाहक सापडतो. रात्री दोनला वाजणारं नोटिफिकेशन ज्याने ऐकलंय त्याला हा प्रसंग समजावून सांगायला नको. पुढे वसंतसेना त्याचं देणं फेडते, तेव्हा तो दुसरा खेळ शोधत नाही. भिक्षू होतो.

सूक्ताच्या शेवटी जुगाऱ्याला सांगितलंय की फासे सोड, शेत नांगर. परभणीत बसून हे वाचताना हसू येईल. पाऊस आणि भाव दोन्ही हातात नसताना शेती हाच मोठा जुगार, असं इथला कुणीही म्हणेल. मग पीक बदलणारा शेतकरी आणि खेळ बदलणारा पोरगा सारखेच का?

नाहीत. कापसाच्या रानात पुढच्या वर्षी सोयाबीन घेतलं तर सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. फेरपालटीत जमिनीला काहीतरी परत मिळतं. शिवाय मध्ये उन्हाळा असतो. बुडालेला खरीप कुणाला त्याच रात्री पुन्हा पेरता येत नाही. पिकाच्या तोट्यावर ऋतूचा लगाम असतो. फोनमध्ये उन्हाळा नाही.

22 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. पण खेळ बंद झाला म्हणून हरलेल्या रकमेचा हिशेब डोक्यातून जात नाही. तो दुसरं टेबल शोधतो. शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स कायदेशीर आहेत आणि त्याच फोनवर आहेत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत तिथल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर.

म्हणून त्या सल्ल्याला एक प्रश्न जोडावा लागेल. नव्या खेळात बसताना कालचा आकडा सोबत आणलाय का? नसेल, तर बदल म्हणजे विश्रांती. असेल, तर तो पहिलाच डाव आहे, फक्त पानं वेगळी. अशा वेळी खेळ बदलू नये, मध्ये उन्हाळा आणावा. पैशाचं ॲप काही महिने काढून टाकावं, घरातल्या किंवा मित्रांपैकी एकाला खरा आकडा सांगावा. सांगायला कुणीच नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.