शब्बाथ आणि वल्हांडण : नगरच्या ख्रिस्ती मराठीतील यहुदी आचार

ख्रिस्ती लोकांनी यहुदी आचार पाळावेत की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सुंतेच्या आग्रहाशी वाद घातला. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम थांबवू नये असा नियम केला. अशी मनाई करावी लागली, यावरूनच तो आचार चालू होता हे उघड होते. अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) ह्या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. येथील ख्रिस्ती समाजाकडे यहुदी आचार आले ते यहुद्यांच्या शेजारातून नव्हे, तर भाषांतरित ग्रंथातून. म्हणून त्यांचा विचार प्रथम शब्दांच्या अंगाने केला पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये नगरला कार्य आरंभिले; ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच निघू लागला. ह्या मिशनऱ्यांची परंपरा न्यू इंग्लंडमधील प्युरिटन पंथाची. चौथी आज्ञा रविवारला लागू करून त्या दिवसास शब्बाथ म्हणण्याची रीत त्यांनी बरोबर आणली. रविवारच्या धर्मशिक्षणास मराठी मंडळ्यांत ‘शब्बाथशाळा’ हे नाव रूढ झाले. नाव यहुदी, वार ख्रिस्ती आणि कडक शिस्त प्युरिटन, असा हा त्रिवेणी संगम आहे.

ह्या संगमात मूळ अर्थाचे काय झाले? निर्गमाच्या ग्रंथात शब्बाथाचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीत सांगितले आहे. अनुवादाच्या ग्रंथात ते मिसर देशातील दास्याच्या स्मरणात आहे. दासाला व दासीलाही विसावा मिळावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग ह्या जातींतून आला. गावकीच्या चाकरीला साप्ताहिक सुटी ठाऊक नव्हती. ज्या गावचा बाजार रविवारी भरे, तेथे तर त्या दिवशी राबणूक अधिकच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर, १८९० मध्ये. महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या अधिनियमाने. अशा समाजात ‘सातव्या दिवशी चाकरानेही विसावा घ्यावा’ हे वचन क्रांतिकारक होते. परंतु शब्बाथ हा प्रामुख्याने निषेधांचा दिवस म्हणून शिकवला गेला, तर त्यातील हक्काचा अर्थ मागे पडतो. आचार राहतो, त्याचे कारण हरवते.

कोकणात तोच आचार निराळ्या वाटेने मराठी झाला होता. तेल गाळण्याचा धंदा करणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेथे साप्ताहिक विसाव्याला गावगाड्यात एका जातीची ओळख म्हणून मान्यता मिळाली. नगरच्या ख्रिस्ती माणसाला ती जन्माने मिळालेली नव्हती. ती त्याला नव्याने मागावी लागणार होती.

दुसरा शब्द ‘वल्हांडण’. ‘वलांडणे’ म्हणजे ओलांडणे, ह्यापासून तो बनला आहे. मराठीत उंबरठा ओलांडणे म्हणजे घरात येणे किंवा घराबाहेर पडणे. निर्गमातील कथेत मात्र मृत्यू चौकटीवरील रक्त पाहून आत न शिरता पुढे जातो. शब्द नेटका असला तरी प्रसंगाची दिशा त्यातून सहज उमगत नाही. ‘बेखमीर भाकर’ ह्या शब्दप्रयोगात ही अडचण अधिकच जाणवते. नगरकडील ज्वारी-बाजरीची भाकरी मुळातच बेखमीर. जे रोजचेच आहे ते सणाची खूण कसे व्हावे?

बेने इस्राएलांनी ह्याच सणाला ‘अनाशी ढाकण्याचा सण’ म्हटले. हायीम सामुएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात (लेखन १८९७, प्रकाशन १९३७) ह्या नावाची नोंद केली असून आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याशी त्याचा संबंध जोडला आहे. खमीर वर्ज्य करण्याची आज्ञा त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात जे आंबत होते त्याला लावली. येथे मिशनच्या मराठीने शब्दाचे भाषांतर केले, बेने इस्राएलांनी आचाराचे. साहित्यदृष्ट्या दुसरे भाषांतर अधिक समर्थ आहे, असेच म्हणावे लागते.

ह्यावरून ख्रिस्ती लोकांनी यहुदी आचार घेऊ नयेत असा निष्कर्ष निघत नाही. ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू मानणाऱ्या धर्माला त्या सणापासून अलग होता येत नाही. परंतु दोन भान आवश्यक आहेत. वल्हांडणाच्या भोजनाचा जो विधी आज प्रचलित आहे, त्याची घडण मुख्यतः इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतरची आहे. तो जसाच्या तसा येशूच्या अखेरच्या भोजनाचा विधी समजणे इतिहासाला धरून नाही. दुसरे असे की, हा आचार केवळ जुन्या करारातील अवशेष नाही. तो मराठी बोलणाऱ्या एका समाजाच्या घरात जगलेला आचार आहे, आणि १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापून त्या समाजाने तो आपल्या भाषेत मांडलाही. नगरच्या ख्रिस्ती मराठीचा अभ्यास करणाऱ्याने मिशनच्या भाषांतराशेजारी ही दुसरी मराठीही ठेवून पाहिली पाहिजे. तसे केले तरच ‘शब्बाथ’ हा उसना शब्द न राहता, दासाला विसावा देणाऱ्या आज्ञेचे नाव म्हणून वाचता येईल.